सेरोटोनिन काही तासांत वाढतं, मग बरं वाटायला आठवडे का लागतात?

माझा एक मित्र घाटकोपरला राहतो. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्याला डिप्रेशनचं निदान करून गोळी सुरू केली. नवव्या दिवशी त्याने ती स्वतःच्या मनाने बंद केली. कारण विचारलं तर म्हणाला, "रीलमध्ये सांगतात की ही गोळी सेरोटोनिन वाढवते. नऊ दिवस झाले. वाढलं असतं तर कळलं नसतं का?"

प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, डॉक्टर नाही. पण सिस्टिममध्ये इनपुट बदलल्यावर आउटपुट इतक्या उशिरा का बदलतं, हा प्रश्न आमच्या धंद्यातलाच. म्हणून वाचायला लागलो. गंमत म्हणजे या गोष्टीचे दोन महत्त्वाचे धागे थेट मुंबईत निघाले. एक १९४९ सालचा, दुसरा २०१९ सालचा. या लेखात तेच समजून घेऊया.

हे शास्त्र नेमकं काय बघतं?

मेंदूचा अभ्यास अनेक पातळ्यांवर होतो. मानसशास्त्रज्ञ माणसाचं वागणं बघतात. एमआरआय वापरणारे संशोधक मेंदूचा कुठला भाग कधी कामाला लागतो ते बघतात. त्याच्याही खाली उतरलं की एकेक पेशी दिसते आणि पेशीच्या आत प्रथिनं, जनुकं, रसायनं. या सगळ्यात खालच्या पातळीवरच्या अभ्यासाला सेल्युलर अँड मॉलेक्युलर न्यूरोसायन्स म्हणतात. मराठीत सांगायचं तर पेशी आणि रेणूंच्या पातळीवरचं मेंदूविज्ञान.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन म्हणजे चेतापेशी असतात. मेंदू म्हणजे एकसंध जाळं नाही, तर तो सुट्या सुट्या पेशींचा बनलेला आहे, हे स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली बघून दाखवलं. १९०६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पेशी सुट्या आहेत म्हटल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो: मग त्या एकमेकींशी बोलतात कशा?

एका मेसेजचा प्रवास

न्यूरॉन शांत असतो तेव्हा त्याच्या आतला भाग बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. हा फरक टिकवायला पेशीच्या भिंतीतले पंप सतत चालू असतात. प्रत्येक फेरीत तीन सोडियम आयन बाहेर आणि दोन पोटॅशियम आयन आत. मेंदूच्या ऊर्जेचा मोठा वाटा अशा कामांवरच खर्च होतो.

न्यूरॉनला पुरेसा इशारा मिळाला की भिंतीतली सोडियमची दारं उघडतात, आयन आत घुसतात आणि विद्युत लहर पेशीच्या लांब तारेवरून पळत जाते. या तारेला ॲक्सॉन म्हणतात. तारेच्या टोकाला मात्र रस्ता संपतो. पुढच्या पेशीपर्यंत साधारण २० नॅनोमीटरची फट असते. केसाच्या जाडीचे काही हजार भाग केले तर त्यातला एक भाग, इतकी बारीक.

बहुतेक ठिकाणी वीज ही फट ओलांडत नाही. टोकाशी रसायनाने भरलेल्या अगदी छोट्या पिशव्या तयार असतात. लहर आली की कॅल्शियम आत येतं, पिशव्या भिंतीला चिकटून फुटतात आणि रसायन फटीत सांडतं. समोरच्या पेशीवर त्या रसायनासाठी खास प्रथिनं बसलेली असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. रसायन तिथे बसलं की मेसेज पोहोचला. या सगळ्या जोडणीला सायनॅप्स म्हणतात. काम झालं की फटीतलं रसायन आवरावं लागतं, नाहीतर मेसेज चालूच राहील. सेरोटोनिनच्या बाबतीत हे काम पाठवणाऱ्या पेशीवरचं एक प्रथिन करतं. ते सेरोटोनिन परत आत ओढून घेतं. हे प्रथिन लक्षात ठेवा, मित्राची गोळी तिथेच काम करत होती.

एक मेसेज, चौदा ॲप्स

सेरोटोनिन १९४८ मध्ये रक्ताच्या सीरममधून वेगळं केलं गेलं. त्याच्यामुळे रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हे नाव पडलं. ते मेंदूतही असतं हे नंतर, १९५३ मध्ये बेटी ट्वारोग यांनी शोधलं. आजही शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं आणि ते मेंदूत शिरू शकत नाही, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत त्याला अडवते. त्यामुळे "केळं खा, सेरोटोनिन वाढवा" हे रील पाहिलं असेल तर एवढं लक्षात असू द्या: केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं, पण ते तसंच मेंदूत पोहोचत नाही. केळं जरूर खा, पण भूक लागली म्हणून.

मेंदूतलं सेरोटोनिन बनवणारे न्यूरॉन अगदी थोडे. ८,६०० कोटींपैकी काही लाख, तेही मेंदूच्या बुंध्याजवळ. पण त्यांच्या तारा जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेल्या असतात.

आता मुख्य मुद्दा. सेरोटोनिनसाठी किमान १४ प्रकारचे रिसेप्टर आहेत. तुमच्या फोनवर एकच मेसेज चौदा ॲप्सना गेला आणि प्रत्येक ॲपने वेगळं काहीतरी केलं, तसं हे आहे. एका प्रकारचा रिसेप्टर उलटीच्या संवेदनेशी जोडलेला आहे. ऑनडॅनसेट्रॉन ही उलटी थांबवणारी गोळी तोच रिसेप्टर अडवते. मायग्रेनच्या काही गोळ्या दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरवर बसतात. झोप, भूक, भीती, स्मरण, सगळीकडे या रेणूचा हात आहे. म्हणून "सेरोटोनिन म्हणजे हॅपी हार्मोन" हे वाक्य अर्धवटसुद्धा नाही. रेणू काय करेल हे चार गोष्टींवर ठरतं: तो कुठे सुटला, कुठल्या रिसेप्टरवर बसला, किती काळ राहिला आणि त्या वेळी पेशीचं वय काय होतं.

सर्पगंधा, मुंबई आणि "केमिकल कमी झालं" ही कल्पना

मग डिप्रेशन म्हणजे सेरोटोनिन कमी, हे आलं कुठून? त्याचा एक धागा मुंबईतून जातो.

सर्पगंधा ही आयुर्वेदात जुन्या काळापासून वापरात असलेली वनस्पती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा उपयोग पद्धतशीर तपासला आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. त्यानंतर जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातला रिसर्पिन हा घटक वेगळा केला.

रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना उदासी आल्याच्या नोंदी पुढे डॉक्टरांनी केल्या. १९५५ मध्ये अमेरिकेत असं दिसलं की रिसर्पिन दिल्यावर प्राण्यांच्या मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. आज आपल्याला कारण माहीत आहे. न्यूरॉनच्या टोकाशी असलेल्या पिशव्यांमध्ये रसायन भरणारा पंपच रिसर्पिन बंद पाडतं. पिशव्या भरत नाहीत आणि बाहेर राहिलेलं रसायन पेशीतच मोडून टाकलं जातं.

त्याच सुमारास इप्रोनियाझिड नावाचं क्षयाचं औषध घेणारे काही रुग्ण अचानक उत्साही झालेले दिसले. हे औषध अशा रसायनांची मोडतोड थांबवतं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की कोणीही म्हणेल: रसायन कमी म्हणजे उदासी, जास्त म्हणजे उत्साह. कल्पना सुटसुटीत होती, पण त्याच वर्षी विरुद्ध पुरावाही आला होता. १९५५ मध्येच लंडनमधल्या एका चाचणीत चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांना रिसर्पिनचा फायदा झालेला दिसला. सुटसुटीत गोष्ट मात्र लोकांच्या डोक्यात राहिली.

डोपामाइन खरंच रिकामं केलं तर?

इथे एक छोटी बाजूची गोष्ट, कारण "डोपामाइन डिटॉक्स" तुमच्याही फीडमध्ये आलंच असेल. रिसर्पिन डोपामाइनचाही साठा रिकामा करतं. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं, तेव्हा ससे हालचाल सोडून पडून राहिले. मग ज्यापासून शरीर डोपामाइन बनवतं ते एल-डोपा टोचल्यावर ते थोड्याच वेळात पुन्हा हलायला लागले. यातूनच पार्किन्सनच्या उपचाराची वाट निघाली आणि कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं.

म्हणजे डोपामाइन खरोखर निघून गेलं तर मन शांत होत नाही, शरीर थांबतं. फोन बाजूला ठेवणं ही चांगली सवय आहे. फक्त त्याने डोपामाइन "साफ" होत नाही.

गोळीचे पहिले तास आणि पुढचे आठवडे

आता मित्राच्या प्रश्नाकडे वळू. त्याला दिलेली गोळी एसएसआरआय गटातली होती. या गटातलं फ्लुओक्सेटिन अमेरिकेत १९८७ मध्ये मंजूर झालं. ही औषधं सेरोटोनिन परत ओढणाऱ्या त्या प्रथिनाला अडवतात. हे काम पहिल्याच डोसला सुरू होतं. मग उशीर कशाने? आज तीन उत्तरं समोर आहेत आणि ती एकमेकांना काटत नाहीत.

पहिलं: पेशीचा ब्रेक. सेरोटोनिन सोडणाऱ्या न्यूरॉनवर स्वतःचेच रिसेप्टर असतात. बाहेर सेरोटोनिन जास्त झालं की ते पेशीला सांगतात, "हळू." म्हणजे सुरुवातीला गोळी एकीकडून सेरोटोनिन वाढवते आणि पेशी दुसरीकडून ब्रेक लावते. हा ब्रेक ढिला पडायला दोन-तीन आठवडे लागतात.

दुसरं: नवी बांधणी. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात रोनाल्ड ड्युमन यांच्या गटाने २००० मध्ये दाखवलं की उंदरांना ही औषधं काही आठवडे दिली तर हिप्पोकॅम्पस या भागात नव्या न्यूरॉनची संख्या वाढते, थोडेच दिवस दिली तर वाढत नाही. २००३ मध्ये दुसऱ्या एका गटाने एक्स-रे देऊन नव्या न्यूरॉनचा जन्म थांबवला, तर औषधाचा परिणामही गेला. मोठ्या माणसांच्या मेंदूत नवे न्यूरॉन किती जन्मतात यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून जोरदार वाद आहे. पण औषधाने जुन्या जोडण्या बदलायला सोप्या होतात, याला बराच पुरावा आहे. २०२१ मध्ये हेलसिंकीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ही औषधं न्यूरॉनची वाढ सांभाळणाऱ्या एका रिसेप्टरला थेट जाऊनही चिकटतात.

तिसरं उत्तर ऊर्जेचं आहे, आणि त्यासाठी कुलाब्याला जावं लागतं.

नेव्ही नगरची लॅब

बोरिवलीहून फास्ट लोकलने चर्चगेट आणि पुढे बसने नेव्ही नगर. तिथे समुद्राला लागून टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेल्या डॉ. विदिता वैद्य यांनी येलमध्ये ड्युमन यांच्याकडेच पीएचडी केली आणि २००० पासून त्या टीआयएफआरमध्ये मूड आणि ताणाचं पेशीविज्ञान शोधतायत. २०१५ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये इन्फोसिस पुरस्कार.

त्यांच्या गटाने टीआयएफआरमधल्याच डॉ. उल्लास कोल्थूर-सीताराम यांच्या गटासोबत २०१९ मध्ये एक शोध प्रसिद्ध केला. उंदरांच्या मेंदूच्या वरच्या थरातल्या न्यूरॉनला सेरोटोनिन दिलं, तर त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया वाढतात. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीची ऊर्जा बनवणारे भाग. ऊर्जेचं उत्पादन वाढतं आणि ताणाखाली तगून राहायची न्यूरॉनची ताकदही वाढते. हे सगळं १४ पैकी एका ठरावीक रिसेप्टरमधून घडतं. तिथून निघालेला इशारा पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो आणि मायटोकॉन्ड्रिया बनवणारी जनुकं चालू होतात.

म्हणजे सेरोटोनिन हा नुसता मेसेज नाही, तो पेशीला वीजघर वाढवायलाही सांगू शकतो. आणि मेसेज वाचायला क्षण पुरतो, पण वीजघर बांधायला वेळ लागतो. हा प्रयोग औषधाचा नव्हता आणि माणसांवरचाही नव्हता, हे लक्षात ठेवायचं. पण मित्राच्या प्रश्नाकडे बघायची दिशा त्यातून मिळते.

तोच रेणू, वय वेगळं

याच लॅबचं दुसरं मोठं काम बालपणावर आहे. उंदरांची पिल्लं जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रोज काही तास आईपासून दूर ठेवली, तर मोठेपणी ती जास्त घाबरट होतात आणि त्यांच्या मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरचं काम बदललेलं दिसतं. त्या कोवळ्या दिवसांत तो रिसेप्टर औषधाने अडवला, तर पुढचे अनेक बदल टळतात.

याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे प्रौढ प्राण्यांची भीती कमी करणारं फ्लुओक्सेटिन अगदी लहान पिल्लांना दिलं, तर ती मोठेपणी जास्त घाबरट निघतात. परदेशातल्या आणि टीआयएफआरमधल्या, दोन्हीकडच्या प्रयोगांत हे दिसलं. औषध तेच आणि रेणूही तोच, पण मेंदू घडत असताना त्याचा अर्थ वेगळा लागतो.

मग २०२२ ची ती बातमी?

जुलै २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र तपासून लिहिलं की डिप्रेशन कमी सेरोटोनिनमुळे होतं याला सातत्याने पुरावा मिळत नाही. सोशल मीडियावर त्याचा अर्थ झाला, "गोळ्या फेकून द्या."

इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले. आजार कशाने होतो हा एक. औषध उपयोगी पडतं का, हा दुसरा. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने आला असं कोणी म्हणत नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्णांचा एकत्रित अभ्यास आला होता. त्यात तपासलेली सगळी २१ औषधं प्रौढांमध्ये खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक सरासरीने माफक होता, पण होता.

मुंबईत अजून काय चाललंय?

टीआयएफआरमध्ये ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा गट सुरू केला. सत्तरच्या दशकात त्यांनी अमेरिकेत सीमोर बेंझर यांच्यासोबत फळमाश्यांचे असे प्रकार अभ्यासले, ज्या तापमान वाढलं की लुळ्या पडतात आणि गार झालं की उठतात. त्यांच्यातून न्यूरॉनच्या विद्युत लहरीमागची जनुकं सापडायला मदत झाली. आज तिथे डॉ. शुभा तोळे गर्भातला मेंदू कसा घडतो ते शोधतात. डॉ. संध्या कौशिका जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या, ३०२ न्यूरॉनच्या पारदर्शक कृमीत ॲक्सॉनमधून माल कसा वाहून नेला जातो ते जिवंतपणी बघतात.

उपनगरात राहणाऱ्यांसाठी अजून जवळची जागा आहे. टीआयएफआरचा "चाय अँड व्हाय?" हा सगळ्यांसाठी मोफत विज्ञानगप्पांचा कार्यक्रम २००९ मध्ये सुरू झाला, तो जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात रविवारी होत आलाय. वेळापत्रक बघून जा.

तुमची किंवा घरातल्या कोणाची गोळी चालू असेल तर

- पहिल्या काही दिवसांत फरक नाही म्हणजे औषध निकामी, असं नाही. आत काम सुरू झालेलं असतं.
- साइड इफेक्ट आधी आणि फायदा नंतर, हा क्रम नेहमीचा आहे. मळमळ, झोपेतले बदल डॉक्टरांना सांगा.
- स्वतःहून एकदम बंद करू नका. चक्कर, बेचैनी येऊ शकते. डोस हळूहळू कमी करतात, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.
- वय २५ पेक्षा कमी असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त लक्ष हवं. या वयात काही जणांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने या गोळ्यांवर छापायला लावला आहे. असं काही वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.
- चार-सहा आठवड्यांनीही फरक नसेल तर डॉक्टर औषध किंवा डोस बदलू शकतात. समुपदेशनही उपचारच आहे.
- बोलायला कोणी नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही.

माझा मित्र दोन आठवड्यांनी परत डॉक्टरांकडे गेला. गोळी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाली आणि सोबत समुपदेशनही. साधारण पाचव्या आठवड्यात एकदा फोनवर म्हणाला, "काल रात्री नीट झोप लागली रे." फार मोठं काही नाही, एवढंच. नवव्या दिवशी त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता मला देता येईल: सेरोटोनिन वाढलं होतं, पण त्या सेरोटोनिनने जे बदलायचं होतं, ते बदलायला अजून वेळ हवा होता.